आधी माणसे मोजा, मग पगार वाटा: गोव्यातील छोट्या धंद्याचे पगारपत्रक

ऑगस्ट उजाडला की माझा फोन थांबत नाही. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलेली असते, कामगारांनी उचल (आगाऊ रक्कम) मागितलेली असते आणि मालकाला ती पगारपत्रकात कशी दाखवायची ते कळत नसते. ऑक्टोबरात दुसरी लाट येते. पर्यटनाचा सीझन सुरू झाला, चार माणसे वाढवली, आता पीएफ (भविष्य निर्वाह निधी) लागणार का? फोंड्यात बसून मी पोदेरांची (पाव भाजणाऱ्यांची), गॅरेजवाल्यांची, लहान गेस्ट हाऊसवाल्यांची, काजू कारखान्यांची पगारपत्रके गेली कित्येक वर्षे करते आहे. बहुतेक मालक प्रामाणिक असतात. त्यांची चूक एकच: कायदा कधी लागू होतो हे त्यांनी वेळेवर पाहिलेले नसते. म्हणून मी सुरुवात पगाराच्या आकड्यापासून करत नाही. आधी माणसे मोजायला सांगते.

माणसे मोजताना काय धरायचे

हजेरीचा रजिस्टर काढा आणि गेल्या बारा महिन्यांत एकाच दिवशी सर्वांत जास्त माणसे कधी कामाला होती ते शोधा. गोव्यात हा दिवस बहुधा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सापडतो. आज जुलैत तुमच्याकडे अकरा माणसे असतील, पण नाताळात एकवीस होती, तर महत्त्वाचा आकडा एकवीस.

मालक आणि भागीदार मोजायचे नाहीत. पगार घेणारा भाऊ, भाचा, मेव्हणा मात्र मोजायचा. कंत्राटदाराने पाठवलेली भांडी घासणारी बाई आणि रात्रीचा राखणदारही धरायचा. महिना 40 हजार घेणारा आचारी धरायचा आणि रोजंदारीवर येणारा पोरगाही धरायचा. एकाच धंद्याच्या शाखा असतील, म्हणजे म्हापशात दुकान आणि कळंगुटला दुसरे, तर दोन्हीकडची माणसे एकत्र मोजायची. शाखा वेगळ्या दाखवून आकडा खाली ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर घेऊ नका. तपासणीत नाव, बँक खाते आणि माल एकच निघतो आणि मग मागची सगळी वर्षे उकरली जातात.

आकडा हातात आला की पुढचे सोपे आहे. एक माणूस जरी असला तरी किमान वेतन, नियुक्तीपत्र, हजेरी आणि वेळेवर पगार लागू. 10 माणसे झाली की ईएसआय (कामगार राज्य विमा) आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना एकरकमी द्यायची रक्कम). 20 झाली की पीएफ आणि बोनस.

इथे गोव्यातल्या सीझनच्या धंद्यांनी नीट थांबून वाचावे. पीएफ किंवा ईएसआय एकदा लागू झाला की माणसे कमी झाली म्हणून तो सुटत नाही. डिसेंबरात दोन आठवडे वीस माणसे ठेवली आणि जूनमध्ये सहाच उरली, तरी त्या सहा जणांचा पीएफ भरत राहावा लागतो. माझ्या माहितीतल्या एका किनाऱ्यावरच्या उपाहारगृहाला हे चार वर्षांनी कळले. मागची भरणी, व्याज आणि दंड मिळून जी रक्कम आली ती फेडायला मालकाने बायकोचे दागिने गहाण ठेवले. त्याने कोणाचे पैसे खाल्ले नव्हते, फक्त मोजणी केली नव्हती. म्हणून विसावे माणूस ठेवण्याआधी बसून विचार करा. ठेवायचेच असेल तर नोंदणीची तयारी करूनच ठेवा.

नोंदणी

पणजीत पाटोला एक फेरी मारली तर जवळपास सगळे हापिस तिथेच आहेत: श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचे कार्यालय, भविष्य निधी भवन, ईएसआयचे पंचदीप भवन आणि आयकर भवन. आता बहुतेक नोंदणी ऑनलाइन होते, पण काही अडले तर कागद घेऊन तिथे जा. समोर बसून विचारलेला प्रश्न लवकर सुटतो असा माझा अनुभव आहे.

पंचायतीचा किंवा पालिकेचा धंद्याचा परवाना, दुकाने व आस्थापना कायद्याची नोंदणी, धंद्याच्या नावाचे चालू खाते आणि पॅन एवढे आधी तयार ठेवा. टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच कापून भरायचा प्राप्तिकर, कापायचा असेल तर त्यासाठी वेगळा टॅन क्रमांक लागतो. महाराष्ट्रातून इथे येऊन धंदा टाकणारे नेहमी व्यवसाय कराचे विचारतात, कारण तिकडे महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये पगारातून कापायची सवय असते. गोव्यात पगारातून तसा कर कापत नाहीत. तिकडच्या सॉफ्टवेअरमध्ये ही कपात आपोआप चालू असते, ती बंद करा. गोव्याचा कामगार कल्याण निधी मात्र आहे. तो सहा महिन्यांतून एकदा, जून आणि डिसेंबरच्या पगारावर निघतो.

नव्या कामगाराकडून पहिल्याच दिवशी आधार, पॅन असल्यास पॅन, बँक पासबुक आणि जुना यूएएन (कामगाराचा पीएफचा कायम क्रमांक) घ्या. पहिलीच नोकरी असेल तर यूएएन उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढावा लागतो, तेव्हा माणूस समोर असताना पाच मिनिटांत उरका. तो रजेवर ओडिशाला गेल्यावर हे काम होत नाही. नावाचे इंग्रजी स्पेलिंग आधारवर आहे तसेच्या तसे लिहा. आपल्याकडे एकाच घरात ‘नाईक’ दोन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, आणि मग दहा वर्षांनी पीएफ काढताना माणूस हेलपाटे घालतो.

एक पगार, शेवटच्या रुपयापर्यंत

समजा तुमच्याकडे बावीस माणसे आहेत आणि त्यातल्या एकाचा पगार 15,000 रुपये, मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून. त्याने पूर्ण महिना भरला, एकही खाडा नाही.

कामगाराच्या बाजूने पीएफ 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये. ईएसआय 0.75 टक्के, म्हणजे 112.50, आणि ईएसआय वरच्या रुपयाला नेतात म्हणून 113. हातात पडतात 13,087 रुपये.

तुमच्या बाजूने पीएफ तेवढाच, 1,800. यातले 1,250 पेन्शनच्या खात्यात जातात आणि 550 पीएफच्या. पीएफला जोडलेल्या विम्याचे अर्धा टक्का, 75 रुपये. पीएफचे प्रशासन शुल्क अर्धा टक्का, आणखी 75. हे शुल्क संपूर्ण आस्थापनेचे मिळून महिन्याला किमान 500 रुपये धरतात. ईएसआय 3.25 टक्के, म्हणजे 487.50, तेही वर नेऊन 488. तुमच्या खिशातून पगारावर वाढीव गेले 2,438 रुपये. हा माणूस तुम्हाला पडला 17,438 रुपयांना.

नवा माणूस ठेवताना किंमत या 17,438 वर ठरवा. मालक 15,000 धरून रूमचा दर किंवा पावाचा भाव काढतो आणि वर्षाच्या शेवटी नफा कुठे गेला ते शोधतो. ग्रॅच्युइटी यातही आलेली नाही. ती दर वर्षाच्या नोकरीला 15 दिवसांचा पगार, म्हणजे महिन्याचा पगार भागिले 26, गुणिले 15. म्हणजे या माणसामागे वर्षाला साधारण 8,654 रुपये, महिन्याला 721. कायम कामगाराला पाच वर्षांनी ती द्यावी लागते. ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्याला आता एका वर्षानंतरही देणे लागते. आजपासून बाजूला काढायला लागा.

पीएफची सक्ती सध्या 15,000 रुपयांच्या वेतनापर्यंत आहे आणि ईएसआयची 21,000 पर्यंत, दिव्यांगांसाठी 25,000. ईएसआयमध्ये एक बारकावा आहे. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन भरणा-काळ असतात. मधेच पगार 21,000 च्या वर गेला तरी तो काळ संपेपर्यंत कपात चालूच ठेवायची. जानेवारीत पगारवाढ दिली म्हणून जानेवारीतच ईएसआय बंद करणारे मालक मी पाहिले आहेत. एका कामगाराचा मार्चमध्ये हात भाजला तेव्हा ती चूक सगळ्यांना महाग पडली.

मूळ वेतन 6,000 आणि भत्ते 9,000 असे तुकडे करून पीएफ कमी भरण्याची जुनी रीत आता विसरा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता, म्हणजे केंद्राचे नवे एकत्रित कामगार कायदे, लागू झाल्या आहेत. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर जास्तीची रक्कम वेतनातच धरली जाते. त्याआधीही, सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी धरावा असा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल होताच. लहान धंद्यात मी सरळ एकच आकडा ठेवते, मूळ अधिक महागाई. हिशेबही सोपा राहतो आणि कामगारालाही वाचता येतो.

तो आकडा गोव्याच्या अधिसूचित किमान वेतनाखाली जात नाही ना, हे महागाई भत्त्याचा नवा आदेश निघाला की प्रत्येक वेळी तपासा. अकुशल, अर्धकुशल, कुशल असे वेगळे दर आहेत. भट्टीवरचा पोदेर अकुशल नव्हे. त्याला मदतनिसाच्या दरात बसवू नका.

चवथीची उचल

आता फोनवरच्या प्रश्नाचे उत्तर. उचल हा पगार नव्हे आणि खर्चही नव्हे. ते तुमचे कामगाराकडे येणे आहे. दिली त्या दिवशी कामगाराच्या नावाने उचल खात्यात नोंद करा, त्याची सही घ्या आणि किती हप्त्यांत फिटणार ते तिथेच लिहा.

वरच्याच माणसाने 10,000 उचलले आणि चार महिन्यांत 2,500 प्रमाणे फेडायचे ठरले. सप्टेंबरात त्याच्या हातात 13,087 मधून 2,500 वजा जाऊन 10,587 पडतील. पीएफ आणि ईएसआय मात्र पूर्ण 15,000 वरच. सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच: उचल वजा करून उरलेल्या 12,500 वर कपात काढतात. एका माणसामागे फरक लहान दिसतो, पण बावीस जणांचा चार महिन्यांचा मिळून तो तपासणीत ठळक दिसतो.

सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. कामगार स्वतः म्हणाला, ‘बाई, सगळे एकदम कापा आणि मोकळे करा’, तरी कापू नका. घरी पैसे पाठवायचे असतात, महिनाभर खायचे असते. तो पुन्हा तुमच्याकडेच उचल मागायला येतो आणि खाते कधीच मिटत नाही.

चवथीला दिलेला बोनस मात्र वेगळा लिहा. 20 माणसे असतील तर किमान 8.33 टक्के बोनस हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत द्यायचा असतो. चवथीला दिलात तर तो याच कायद्याचा बोनस म्हणून नोंदवा. ‘सणाची भेट’ असे लिहून ठेवले की नंतर पुन्हा बोनस मागितला जातो, आणि तो मागणाऱ्याचे चुकत नाही.

पैसे बाजूला काढण्याची तारीख

पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत. टीडीएस कापला असेल तर तोही 7 पर्यंत, फक्त मार्चचा 30 एप्रिलपर्यंत. पीएफ आणि ईएसआय 15 पर्यंत. जीएसटी असेल तर महिन्याचे विक्रीचे विवरण 11 ला आणि करभरणा 20 ला.

या तारखा सगळ्यांना पाठ असतात. अडचण असते खात्यात पैसे नसण्याची. पगार 7 ला वाटला, कापलेले पैसे चालू खात्यात राहिले, 10 ला मासळीवाल्याचे किंवा मैद्याच्या पोत्यांचे बिल आले आणि त्यात ते गेले. म्हणून माझा एक आग्रह आहे आणि माझ्याकडच्या प्रत्येक धंद्याला मी तो पाळायला लावते. त्याच बँकेत दुसरे खाते उघडा. पगार वाटला त्याच तासाला पीएफ-ईएसआयची दोन्ही बाजूंची रक्कम तिकडे वळवा. वरच्या उदाहरणात एका माणसामागे 4,351 रुपये. बावीस जणांचे लाखाच्या जवळ जातात. ते खाते फक्त चलनासाठी.

कामगाराकडून कापलेले 1,913 रुपये तुमचे नाहीतच. ते कापून न भरणे हा कायद्याने विश्वासघात धरला जातो, त्यावर फौजदारी गुन्हा होऊ शकतो. उशीर झाला तर 12 टक्के व्याज आणि वर वेगळा दंड. पावसाळ्यात पैसे नसतातच, हे मला माहीत आहे. जून ते सप्टेंबरची भरणी एप्रिल-मेमध्येच त्या खात्यात टाकून ठेवा. काही मालक गेली काही वर्षे हे करताहेत आणि जुलैत ते शांत झोपतात.

पगार बँकेतून, आणि प्राप्तिकराचे थोडे

एका दिवशी एका माणसाला 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च प्राप्तिकरात धरला जात नाही. 13,087 रोखीने वाटले तर संपूर्ण पगारच हिशेबातून बाद होतो. कामगाराकडे खाते नसेल तर पोस्टात उघडून द्या.

पगारावरचा टीडीएस लहान धंद्यात क्वचितच लागतो. नव्या करपद्धतीत 75,000 ची प्रमाणित वजावट आणि 12 लाखांपर्यंतची सूट धरली तर 12.75 लाखांपर्यंतच्या वार्षिक पगाराला कर पडत नाही. तरीही व्यवस्थापक किंवा मुख्य आचारी त्याच्या वर असेल तर वर्षाचा अंदाज काढून दर महिन्याला कापा. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुन्या चलनाची नक्कल करून भरू नका.

‘मी उलाढालीच्या 6 किंवा 8 टक्के नफा दाखवतो, मला पगाराचा हिशेब कशाला?’ असे म्हणणारे बरेच भेटतात. अंदाजित नफ्याची सोय फक्त प्राप्तिकरापुरती आहे. पीएफ, ईएसआय आणि किमान वेतनाला तिच्याशी देणेघेणे नाही.

पती-पत्नीचे उत्पन्न: गोव्याचा वेगळा नियम

हा भाग बाहेरून आलेल्या सीएंनाही पुष्कळदा ठाऊक नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याच्या वारशाने, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, मग धर्म कोणताही असो. प्राप्तिकर कायद्यानेही हे मान्य केले आहे. धंद्याचे, घरभाड्याचे, व्याजाचे, भांडवली नफ्याचे उत्पन्न अशा जोडप्यात निम्मे-निम्मे वाटले जाते. पगार तेवढा ज्याचा त्याचा राहतो.

समजा दुकान नवऱ्याच्या नावावर आहे आणि निव्वळ नफा 18 लाख. सगळा त्याच्या एकट्याच्या रिटर्नमध्ये दाखवला तर नव्या पद्धतीत सेससह 1,66,400 रुपये कर येतो. नियमाप्रमाणे 9 लाख त्याचे आणि 9 लाख बायकोचे दाखवले, आणि दोघांचे दुसरे उत्पन्न नसेल, तर दोघेही 12 लाखांच्या सवलतीत बसतात आणि कर शून्य होतो. ही पळवाट नाही, कायदाच तसा आहे. ज्यांना तो लागू आहे त्यांनी तसेच दाखवायचे असते.

मात्र दोघांनीही रिटर्न भरायला हवे. बायकोचे पॅन नाही, तिने कधी रिटर्न भरलेच नाही, आणि नवऱ्याने निम्मे दाखवून बाकीचे सोडून दिले अशी प्रकरणे माझ्याकडे दरवर्षी येतात. मग नोटीस तिच्या नावावर येते. रिटर्नमध्ये या वाटणीसाठी वेगळे शेड्युल आहे. त्यात जोडीदाराचे पॅन, वाटलेले उत्पन्न आणि टीडीएसचा निम्मा वाटाही दाखवायचा. ज्या फॉर्ममध्ये ते शेड्युल नाही तो फॉर्म भरायचा नाही. लग्नाच्या नोंदीचा उतारा फाइलमध्ये लावून ठेवा. एक जण गोव्याबाहेरचा असेल किंवा लग्न बाहेर झाले असेल तर वाटणी करण्याआधी जाणत्या सीएला दाखवा.

नवी माणसे घेणार असाल तर

1 ऑगस्ट 2025 ते 31 जुलै 2027 या काळात पीएफमध्ये नोंदलेल्या आस्थापनांनी माणसे वाढवली तर केंद्राच्या विकसित भारत रोजगार योजनेतून दोन वर्षे पैसे मिळतात. 50 पेक्षा कमी कामगार असतील तर आधीच्या संख्येवर किमान दोन माणसे वाढवायला हवीत आणि ती सहा महिने टिकायला हवीत. 10,000 ते 20,000 दरम्यानच्या वेतनाला माणसामागे महिन्याला 2,000 रुपये. वरच्या उदाहरणातल्या 2,438 रुपयांशी ताडून बघा. नोव्हेंबरात घेऊन मार्चमध्ये पाठवलेला माणूस यात बसत नाही. पावसाळ्यातही काम देता येईल का, याचा विचार करायला हे पैसे पुरेसे कारण आहे.

सीझन संपला, माणूस गावी निघाला

मे महिन्याच्या अखेरीस गाडी पकडायच्या घाईत कामगार ‘राहिलेले ऑक्टोबरात घेतो’ म्हणतो. तसे करू नका. काम सुटले की दोन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण हिशेब द्यायचा असतो. शेवटच्या महिन्याचे भरलेले दिवस, शिल्लक रजेचे पैसे, ओव्हरटाइम दुपटीने, त्यातून उरलेली उचल वजा, आणि बाकी थेट खात्यात. हिशेबाचा कागद त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवा, सही घ्या, एक प्रत त्याला द्या. उचल हिशेबापेक्षा जास्त उरत असेल तर तेही त्याच कागदावर लिहा.

मग पीएफच्या पोर्टलवर काम सोडल्याची तारीख टाका. मालकाच्या लॉगिनमध्ये दोन मिनिटांचे काम आहे, पण ते राहिले की त्याला पुढच्या नोकरीत पैसे वळवायला अडचण येते आणि तो झारखंडातून तुम्हाला फोन करत राहतो. ऑक्टोबरात तोच माणूस परत आला तर जुनाच यूएएन आणि जुनाच ईएसआय क्रमांक लावा. नवा काढू नका.